रंग, वास, चव

५ जानेवारी २०२५, रविवार

आज मासे घरी आले. मशिदीतला हौद बुजवायचा आणि नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूसाठी नळांची रांग बसवायची, असं जमातीने पावसाळा संपता संपताच ठरवलं होतं. हौद गळतो, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, म्हातारी माणसं कडेवरून घसरतात. कारणं सगळी खरी आहेत, म्हणूनच मला जास्त राग आला. खोटी असती तर भांडता तरी आलं असतं. हे मात्र भांडले नाहीत. आमचा मुलगा झुहेब सांगत होता, अब्बांनी बैठकीत एवढंच विचारलं की मासे कुठं जातील. मग "आमच्या परसात" असं यांनीच सांगून टाकलं. मला विचारायचं राहिलं. यांच्या संसारात माझं ते नेहमीच राहतं.

खालापूर नाक्यावरचं शिलाईचं दुकान बंद केल्यापासून यांचा दिवस संध्याकाळच्या आधीच्या, असरच्या नमाजाभोवती फिरायचा. नमाज झाली की हौदाच्या कडेला बसायचं आणि माशांना मूठभर खाणं टाकायचं, कुरमुरे आणि पेंडीचा चुरा. दुकान गेलं तेव्हा मी घाबरले होते, हा माणूस खुर्चीत बसून संपेल असं वाटलं होतं. त्या माशांनी यांना सांभाळलं. आता हौदही गेला. म्हणून साफ लिहून ठेवते : हे मासे जगले पाहिजेत. ते गेले तर हे सकाळी कशासाठी उठतील, मला माहीत नाही.

मोरीच्या पलीकडे, शेवग्याखाली सिमेंटचं टाकं बांधून घेतलं आहे. नव्या सिमेंटचा चुना जायला आत शेण कालवून ठेवा, असं गवंडी म्हणाला. मी म्हटलं, हौदातले मासे शेणात जाणार नाहीत. केळीचे खुंट टाकून पाणी भरलं, उपसलं, पुन्हा भरलं. टेंपोत हे मागे ड्रमाजवळ बसून आले, बाही ओली करून. मोठे काळे रोहू आहेत, आणि नेरळहून कुणीतरी कधीकाळी आणून सोडलेले तांबडे. टाक्यात सोडल्यावर सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले. पहिल्या दिवशी शाळेत आलेली पोरं अशीच भिंतीला टेकून उभी राहायची.

९ जानेवारी

पाणी निवळशंख आहे. तळातला दगड न् दगड दिसतो.

लहानपणी मदरशात शिकले ती गोष्ट अजून डोक्यात पक्की आहे. पाण्याचा रंग, वास आणि चव बदलली नसेल तर ते पाक, म्हणजे शुद्ध. हौदाला हाच नियम होता, टाक्यालाही हाच लावायचा असं मी ठरवलं. रोज सकाळी ओंजळीत घेऊन बघते, हुंगते, जिभेला लावते. शिकवणीला येणाऱ्या मुली हसतात. हसू देत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं माझं, मला हसणारी पोरं नवीन नाहीत.

१६ जानेवारी

दोन तांबडे गेले. सकाळी उलटे तरंगत होते. यांनी काढून शेवग्याच्या मुळाशी पुरले आणि वर वीट ठेवली. हौदातले मासे खायचे नसतात, फेकायचेही नसतात, असं म्हणाले. नंतर न्याहारी केली नाही.

पेंडीचा डबा संपलासुद्धा. खोपोलीचा दुकानदार वजनात मारतो आहे. पुढच्या वेळी समोर उभी राहून मोजून घेईन.

२१ जानेवारी

भिंतींवर हिरवा बुळबुळीत थर धरू लागला होता, आणि पाण्याला किंचित वास. म्हणजे रंगही गेला आणि वासही. मासे ड्रमात काढले, टाकं पार रिकामं केलं, काथ्याने घासून घासून सिमेंट नव्यासारखं केलं, पंचायतीच्या नळाचं पाणी भरलं. कंबर मोडली. हे कडेला बसून बघत होते. मी म्हटलं, नुसतं बघताय काय, बादली तरी द्या. बादली दिली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच रिकामी बादली आणून दिली. यांचं लक्ष माशांत होतं.

२३ जानेवारी

एक मोठा रोहू आणि आणखी एक तांबडा. पाणी चकचकीत, चव गोड, वास नाही. मला काही कळेनासं झालं आहे. रसायनीच्या कारखान्यांकडून वारा येतो त्याने होतं का, असं शेजारी विचारत होते. वारा काय आमच्याच टाक्यावर येतो? आणि आला तर मी काय करणार?

२ फेब्रुवारी, रविवार

झुहेब मोहोपाड्याहून आला होता, लायबाला माहेरी सोडून. कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून सगळ्यांची तपासणी करायची सवय लागली आहे त्याला. जेवणं झाल्यावर मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, अब्बांना एकदा पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ. का, तर यांनी त्याला लायबा कशी आहे ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सासऱ्याने सुनेची चौकशी केली तर डॉक्टर लागतो का? त्याने मान खाली घातली. जरा जास्तच लागट बोलले. पण माशांच्या काळजीत माणूस असं विसरतं, हे त्याला कोण सांगणार. मीच परवा मुलींना तोच धडा दोनदा शिकवला.

१० फेब्रुवारी

आणखी मेले. शेवग्याखाली विटा ओळीने दिसू लागल्या, तेव्हा नेरळला गेले. स्टेशनजवळ पौर्णिमाचं माशांचं दुकान आहे. काचेच्या पेट्या, पंप, खाणं असलं सगळं विकते. मत्स्यशास्त्र शिकलेली मुलगी आहे, लोकांची शेततळीही बघते. मी सगळी हकिगत सांगितली, नियमासकट. ती हसली नाही. तिने विचारलं, खाणं कोण घालतं आणि किती. मी सांगितलं, आमचे हे, असरनंतर, एक मूठ. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या नियमात वजू नीट होईल. पण माशाची घाण पाण्यात विरघळते ना, तिला रंग नसतो, आणि सुरुवातीला वासही नसतो. ती खाणारे सूक्ष्म जीव त्या हिरव्या थरात राहतात. तुम्ही दर वेळी त्यांचं घरच घासून टाकताय."

येताना गाडीत मला कानकोंडं झालं. गोड आणि स्वच्छ पाण्यात मी मासे मारले. अल्लाह माफ करो.

१३ फेब्रुवारी

पौर्णिमा घरी येऊन गेली. काचेच्या नळीत टाक्याचं पाणी घेतलं आणि बाटलीतले थेंब टाकले. पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर विष. गडद हिरवं झालं. नळी धरून हे तिच्याइतकेच वाकून बघत होते.

मग तिने तळातून जाळीने गाळ काढला. कुजलेले कुरमुरे, पेंड, लगदाच निघाला. म्हणाली, खाणं फार जास्त होतंय, एका मुठीचं हे काम नाही. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "एकच मूठ, बेटा. हौदावर बी एकच टाकायचो."

म्हणजे कोणीतरी बाहेरून टाकतं आहे. शिकवणीच्या मुली पुढच्या ओटीवर असतात, तेव्हा परस मोकळंच असतं, आणि मागचं फाटक उघडं. शेजारच्या पोरांना मासे वर आलेले बघायला गंमत वाटते. आजपासून फाटकाला कुलूप.

पौर्णिमाने सांगितलेलं : टाकं घासायचं नाही. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, चौथाई काढायचं आणि तेवढंच भरायचं. नळाचं पाणी आधी ड्रमात उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातली जंतू मारायची पावडर उडून जाते. आणि जुन्या हौदातलं शेवाळ कुठे ओलं शिल्लक असेल तर आणायचं.

१५ फेब्रुवारी

हौदात विटा-मातीचं राबिट भरलं आहे. पण त्याचं पाणी जिथून बाहेर जायचं तो पाट अजून ओला आहे. मी आणि हे घमेलं घेऊन गेलो. शेवाळाने माखलेले काळे दगड, हात लावताच बुळबुळीत. माझा हात मागे आला. असल्याला मी आयुष्यभर घाण म्हणत आले. यांनी मात्र एकेक दगड उचलून ओल्या गोणपाटात ठेवला. परतताना नळांच्या नव्या रांगेजवळ थांबले आणि मला विचारलं, हौद कुठं गेला. थट्टेचा सूर नव्हता. मला वाटलं, दुःखाने माणूस असं बोलतं. मी म्हटलं, चला, उन्हं चढतायत.

२४ फेब्रुवारी

अल्हम्दुलिल्लाह. नळी आज फिकट हिरवी, जवळजवळ पिवळी. गेल्या आठवड्यात एकही मासा गेला नाही. दगड टाकले, कुलूप लावलं, दोन्ही लागू पडलं. शेजारणीने कुलपावरून तोंड वाकडं केलं, पण आता तिला तरी काय बोलायला जागा आहे.

हे मात्र गेला आठवडाभर तापाने अंथरुणातच आहेत. खाणं मीच टाकते, चिमूटभर, पौर्णिमाने सांगितलं तेवढंच. मासे वर येतात, पण मला बघून आधी बिचकतात. यांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "तुला सवय होईल त्यांची."

२ मार्च, रविवार

रमजानचा पहिला रोजा. हे उठले, पहाटेची सहरी केली, अंगात बळ आलं आहे. दुपारी परसात खुर्ची टाकून बसले. मला फार बरं वाटलं.

७ मार्च

नळी पुन्हा गडद. सकाळी मासे तोंड वर काढून हवा ओढत होते, आणि एक रोहू गेला. फाटकाला कुलूप तसंच आहे. मी शेजारणीशी भांडले, भिंतीवरून टाकता का म्हणून. ती रडली. तिच्या पोरांच्या परीक्षा चालू आहेत म्हणे, ती घरातून बाहेरही पडत नाहीत.

८ मार्च

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर हे ओट्याशी उभे राहून रात्रीची भाकरी खात होते, निवांत, दूध घालून. मी दारात थांबले. माझा चेहरा बघून यांचा हात थांबला, आणि मग यांना आठवलं. इतका शरमलेला चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता.

मी मदरशात शिकलेलं सांगितलं. रोजा आहे हे भुलून खाल्लं तर रोजा तुटत नाही, अल्लाहनेच तेवढं खाऊ घातलं असं समजायचं आणि पुढे रोजा चालू ठेवायचा. यांनाही ते ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐकून चेहरा सैल झाला. चूळ भरून परसात गेले. त्यात काय मोठं, उन्हाळ्याचा रोजा आहे, माणूस भुलतं.

९ मार्च

आज पुन्हा खाल्लं. आज मी दारातूनच मागे फिरले.

१५ मार्च

आज शिकवणीला सुट्टी दिली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून डाळ निवडत होते.

दुपारची, जोहरची नमाज झाल्यावर हे परसात आले, डबा उघडला, बिस्मिल्ला म्हणून मूठभर खाणं टाकलं. मासे वर आले. हे समाधानाने बघत उभे राहिले, मग आत आले. माझी डाळ अजून अर्धीही झाली नव्हती तेव्हा पुन्हा बाहेर आले. डबा उघडला, बिस्मिल्ला म्हटलं, मूठ टाकली. त्याच प्रेमाने. मग असरनंतर पुन्हा, आणि त्यानंतर पुन्हा. दर वेळी यांचा चेहरा असा होता, की बिचारे सकाळपासून उपाशी आहेत.

ताटातली डाळ तशीच राहिली.

दुकानदार वजनात मारत नव्हता. शेजारणीची पोरं भिंतीवरून काही टाकत नव्हती. ताप आला तेव्हा पाणी का सुधारलं, हे कळायला मला इतके दिवस लागले. आणि झुहेबला मी काय काय बोलले. पोरांच्या चुका मी वर्गाच्या दारातून ओळखायचे, आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही. दिसलं नाही असं तरी कसं म्हणू? मला बघायचं नव्हतं. मला भीती वाटते आहे, आणि ती कोणाला सांगावी तेही कळत नाही.

१६ मार्च

डबा धान्याच्या कोठीमागे लपवला. हे माझं शहाणपण.

दिवसभर हे घरात शोधत फिरले. मला विचारलं नाही, माझ्यासमोर शोधलंही नाही. मी दुसऱ्या खोलीत गेले की कपाटं उघडल्याचे आवाज यायचे. संध्याकाळी इफ्तारला यांनी एक खजूर खाल्ला आणि ताटातली रोटी उचलून बाहेर गेले. मी मागे धावले. टाक्याच्या कडेला बसून तुकडे करत होते. मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी वर्गातही ओरडले नसेन. हे म्हणाले, "उपाशी हायत गं." मी म्हटलं, तुम्ही मघाशी टाकलंत. खोटंच होतं, आज तर डबा माझ्याकडे होता. यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "टाकलं काय मी?"

मी हो म्हटलं. यांनी रोटी माझ्या हातात दिली.

१९ मार्च

झुहेबला फोन केला. माझंच चुकलं म्हटलं. तो फोनवर रडला, मग मीही. ईद झाली की पनवेलला न्यायचं ठरलं. शेजारणीकडे बशीभर भजी नेऊन दिली आणि माफी मागितली. तिने भजी घेतली, दार मात्र अर्धंच उघडलं. रागावायचा हक्क आहे तिला.

पौर्णिमाला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मासे कमी असते तर जास्त खाणं पाण्याने सोसलं असतं. निम्मे तिच्या ओळखीच्या शेततळ्यात नेऊ का? यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. यांचे मासे आहेत.

३१ मार्च, ईद

झुहेब आणि लायबा पहाटेच आले. हे झुहेबबरोबर मशिदीत गेले, हौद बुजवल्यापासून नमाजाला पहिल्यांदाच. नळावर वजू केला म्हणे, बापाच्या शेजारच्या नळावर मुलाने. शीरखुर्मा झाला, माणसं येऊन गेली, हे सगळ्यांशी नीट बोलले. कोणाचं नाव चुकलं नाही. मला वाटू लागलं की मीच वेडी आहे.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा हे शेवग्याखाली उभे होते. विटांच्या ओळीकडे बघत होते. मी शेजारी गेले.

"हलिमा, हे मीच मारले ना?"

आज खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "भुलून झालं. भुलून झालेलं माफ हाय."

"मला माफ हाय. त्यांना कोणी इचारलं?"

यांनी मला टाक्याच्या कडेला बसवलं आणि स्वतः बसले. मापं घेताना बोलायचे तसे सावकाश बोलत होते, एकेक गोष्ट पक्की करत. दुकानाच्या शेवटच्या वर्षी एका गिऱ्हाईकाची पँट दोनदा कापली होती, कपडा वाया गेला होता. तेव्हापासून ठाऊक होतं, म्हणाले. म्हणून दुकान बंद केलं. मला सांगितलं नाही, कारण मी घाबरले असते. मी म्हटलं, आता काय घाबरले नाही? तर हसले.

मग म्हणाले, "आज माझं डोकं जाग्यावर हाय, तवर सांगतो. निम्मे मासे त्या पोरीला देऊन टाक. उरलेल्यांना तूच घाल. मी मागायला येईन. रागवीन बी. कायबाय बोलेन. तरी देऊ नको. मी मागितलं तरी देऊ नको, कळलं? मला कबूल कर."

मी कबूल केलं. यांनी माझा हात धरला होता, आत कोणी जागं झालं तसा सोडला.

५ एप्रिल

निम्मे मासे पौर्णिमाच्या टेंपोने गेले. हे फाटकापर्यंत गेले आणि टेंपो वळेपर्यंत उभे राहिले.

पनवेलच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आजाराचं नाव सांगितलं. मी आज ते इथे लिहीत नाही. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, थांबणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज नळी पिवळीजर्द. पौर्णिमाला मोबाइलवर फोटो पाठवला, तिने लगेच फोन केला, मॅडम, आता टाकं मार्गी लागलं. भिंतींवर हिरवा थर आहे, पाण्यात थोडी हिरवट झाक आहे, आणि मासे खालपासून वरपर्यंत फिरतात. एकही तोंड वर काढून हवा ओढत नाही.

सकाळी मी चिमूटभर खाणं टाकलं. दुपारी हे आले आणि डबा मागितला. मी म्हटलं, सकाळी झालं. पुन्हा आले, मी पुन्हा तेच म्हटलं. असरनंतर आले ते रागावूनच. म्हणाले, हौदाचे मासे आहेत, तुझ्या बापाचे नव्हेत. म्हणाले, तुला पहिल्यापासून माझ्या कुठल्याच गोष्टीची किंमत नव्हती. म्हणाले, मुक्या जिवांना उपाशी मारतेस, अल्लाहला काय तोंड दाखवशील. मी डबा छातीशी धरून उभी राहिले. ईदच्या दिवशी तुम्हीच कबूल करून घेतलंत, हे ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. यांना ते आठवलं नसतं, आणि आठवत नाही हेच पुन्हा एकदा कळलं असतं.

हे न जेवता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. सकाळपर्यंत राग कशाचा होता ते विसरतील, आणि दुपारी हसत येऊन डबा मागतील. मी नाही म्हणेन.